म्हात्रेबाईंची शिट्टी

आमच्या शाळेतल्या एकाही पुरुष शिक्षकाला मिशी नव्हती. चित्रकला शिक्षक म्हणून मी रुजू झालो त्याच दिवशी हे माझ्या लक्षात आलं, पण किनाऱ्याकडे तशी रीत असेल असं समजून मी गप्प राहिलो. माझी मिशी साताऱ्याकडची होती, वरचा ओठ पुरता झाकणारी, आणि तिचा मला अभिमान होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. ट्रॅक पँट, वर पंजाबी ड्रेसचा कुर्ता, गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या जोडीला लाल दोरीतली पितळी शिट्टी. मी डबा खात होतो आणि त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. भाजी मिशीला लागली की काय म्हणून मी रुमाल काढला.

"जाधव सर," त्या म्हणाल्या, "ही मिशी एकतर कापा, नायतर माझ्याशी बोलायचं असंल तेव्हा चिठ्ठी लिवा."

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. गुळगुळीत चेहऱ्याच्या त्या गृहस्थांनी, आपणही यातून गेलो आहोत अशी मान हलवली. दोन दिवस मी बाणेदारपणे चिठ्ठ्या लिहिल्या. तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसलो. न्हाव्याने काही न विचारताच वस्तरा घेतला आणि म्हणाला, "शाळेत लागलात वाटतं?"

या म्हात्रेबाई, सुनंदा म्हात्रे, शाळेच्या क्रीडाशिक्षिका. त्यांना ऐकू कमी यायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. किती कमी, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण समोरच्याचे ओठ त्या इतक्या झरझर वाचायच्या की बोलताना आपण विसरूनच जायचो. शिक्षकांच्या खोलीत त्यांची जागा ठरलेली होती: पाठ खिडकीला आणि समोर सगळी खोली. त्यामुळे बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर उजेड पडायचा. कुणी पाठमोरं किंवा सावलीत उभं राहून बोललं की त्या म्हणायच्या, "तोंड उजेडात आणा." मुलांना म्हणायच्या, शिक्षणाधिकाऱ्यांनाही म्हणायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी खांदे धरून खिडकीकडे वळवलं होतं. साहेब वळले.

माझे ओठ त्यांना सुरुवातीला आवडले नाहीत. "तुम्ही घाटावरची माणसं दात मिटून बोलता," त्या म्हणायच्या. "आमच्याकडं बघा. आमचं तोंड कसं सगळं दिसतं." त्या आगरी घरातल्या. बोलणं रोखठोक, आवाज मोठा, आणि स्वतःचाच आवाज नीट कानी पडत नसल्याने कुजबुज नावाचा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. कुणाचं गुपित त्यांना सांगायचं म्हणजे ते प्रार्थनेच्या वेळी जाहीर केल्यासारखंच होतं. तरी लोक सांगायचे, कारण त्या मनापासून ऐकायच्या. म्हणजे बघायच्या. समोरच्यावरून नजर हलवत नसत, आणि आपल्याकडे इतकं लक्ष देणारं माणूस आयुष्यात दुसरं कुठे भेटतं.

त्यांचे यजमान दामोदरभाऊ उरणच्या बंदराकडे कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. सुट्टीला घरी आले की संध्याकाळी मोटारसायकल घेऊन बाईंना न्यायला फाटकाशी उभे राहायचे. आभाळ फाटेल अशा आवाजात हाक मारायचे. बाईंना ती कधीच ऐकू जायची नाही, पण सगळी शाळा सांगायला धावायची. "माझ्या बहिरेपणामुळं ओरडतात असं नाय," बाई सांगायच्या, "ट्रेलरवाल्यांचा आवाजच तसा." नवराबायको गाडीवरून निघाले की मात्र शब्द नाही. गाडीवर नवऱ्याचं तोंड पुढे, बाई मागे. दिसणार काय आणि बोलणार काय. "आमचं लग्न झाल्यापासून गाडीवर मौनव्रत हाय," त्या हसून म्हणायच्या. मला ते ऐकून दर वेळी वाईट वाटायचं.

बाईंचा कान लहानपणी फुटला होता. भावंडांबरोबर खाडीत डुंबायचं, कानात पाणी जायचं, मग कुणीतरी गरम तेल घालायचं. एक कान वाहायला लागला, मागून दुसरा. पुढे मुंबईत ऑपरेशनं झाली, रोग साफ झाला, पण कानातली हाडांची नाजूक साखळी त्यात गेली. ऐकण्याचं मशीन लावून पाहिलं होतं. मशीनचा साचा कानात घट्ट बसवला की कानाला वारा लागायचा नाही आणि आठवड्याभरात तो पुन्हा वाहायला लागायचा. डॉक्टरांनी मशीन काढायला लावलं. ते कपाटात पडून होतं. बाईंनी त्याची आठवण कधी काढली नाही, कारण त्यांचं काम डोळ्यांवर झकास चाललं होतं.

आणि त्यांचं खरं काम शाळेत नव्हतं, कबड्डीच्या मैदानावर होतं. आमच्याकडे दिवाळीनंतर भातकापणी उरकली की गावोगाव स्पर्धा सुरू होतात. माती चाळून, पाणी मारून मैदान करायचं, कडेला मंडप, लाउडस्पीकरवर अखंड समालोचन, मधल्या वेळात बँजो. बाई स्वतः तरुणपणी जिल्ह्यात नावाजलेल्या चढाईपटू होत्या. पुढे पंच झाल्या. मी चुन्याच्या रेषा सरळ मारतो हे कळल्यावर त्यांनी मला मैदान आखायला आणि मग गुण लिहायला बरोबर न्यायला सुरुवात केली. कबड्डीतलं मला काही कळत नव्हतं. "तुम्ही फक्त मी हात करीन ते लिवा," त्या म्हणाल्या.

चढाईला जाणाऱ्याने मध्यरेषा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत एका दमात, ऐकू येईल असं 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहायचं. मध्येच दम तुटला की तो बाद. हे सांगायचं पंचाने. बाकी सगळं डोळ्यांनी दिसतं, हा एक निकाल कानाचा. आणि याच निकालासाठी म्हात्रेबाईंचं नाव पेणपासून मुरूडपर्यंत घेतलं जायचं. त्या मध्यरेषेच्या टोकाशी कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहायच्या आणि चढाईपटूच्या गळ्याकडे बघायच्या. कंठ हलतोय, बरगड्या आत जातायत, ओठ चालू आहेत, म्हणजे दम आहे. कंठ थांबला की शिट्टी.

एकदा पेणकडचा एक गाजलेला गडी चढाईवर आला. तो ओठ हलवत राहायचा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत शिरला की गुपचूप श्वास मारायचा. सगळ्या जिल्ह्याला संशय होता, पकडलं कुणी नव्हतं. बाईंनी शिट्टी मारली आणि त्याला बाहेर काढलं. तो अंगावर आला. "तुमी माझ्या बाजूला तरी व्हता का? ऐकलात कसा?"

"तुझी खालची बरगडी वर आली," बाई म्हणाल्या. "शर्ट घट्ट घालायचा नाय मग."

मैदान हसलं, तोही हसला. बाईंच्या कडकपणाच्या गोष्टीत ही एक जमा झाली. बाई दम ऐकत नाहीत, बघतात, हे त्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं आणि कुणाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. माझ्याही नाही.

मग करोना आला आणि साऱ्या गावाच्या तोंडाला मास्क लागले. शाळा पुन्हा भरली तेव्हा बाई त्यांच्या जागेवर, खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, समोर उजेड पडत होता, आणि तो कुणाच्याही कामाचा नव्हता. मुलं येऊन काहीतरी सांगायची आणि बाई नुसत्या मान डोलवायच्या. मला ते बघवत नसे. मी फळ्यावर लिहून सांगायला लागलो. शाळेच्या शिपायाने शक्कल काढली, तो काचेसारख्या प्लास्टिकचं मुखकवच लावून यायचा. तेवढ्या काळात त्या शाळेत सगळ्यांत जास्त त्याच्याशीच बोलल्या. "सगळं गाव मुकं झालंय, सर," त्या एकदा म्हणाल्या. मास्क गेले तेव्हा त्यांनी शाळेला पेढे वाटले, आम्हाला वाटलं साथ गेल्याचे.

मास्क गेले, स्पर्धा सुरू झाल्या, आणि त्याच हंगामात ती गोष्ट घडली. मुलींचा उपान्त्य सामना होता. संध्याकाळ उतरली होती, दिवे लागले होते. तळा गावच्या संघातली दर्शना नावाची मुलगी चढाईला गेली. काटक पोरगी, आवाज खणखणीत. समोरच्या तिघींना तिने स्पर्श केला आणि परत फिरली, तेवढ्यात एका बाजूच्या खांबावरचे दिवे गेले. पुरता अंधार झाला नाही, पण उजेड दर्शनाच्या पाठीकडून यायला लागला आणि तिचा चेहरा, गळा, सगळं काळं झालं. बाईंची शिट्टी वाजली. दम तुटला, दर्शना बाद.

खरं तर दर्शनाचा 'कबड्डी, कबड्डी' त्या क्षणी अख्ख्या मैदानाला ऐकू येत होता. ती मध्यरेषेला हात लावून उठली तेव्हाही तिच्या तोंडून तो चालूच होता. ओरडा व्हायला हवा होता, पण लोक गप्प झाले. म्हात्रेबाई चुकतील असं कुणाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे आपलंच काही चुकलं का, असे सगळे एकमेकांकडे बघत होते.

बाईंनी मैदानभर चेहरे पाहिले. चेहरे वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या सावकाश माझ्या टेबलाशी आल्या. टेबलावर दिवा होता.

"जाधव सर, तोंड उजेडात आणा," त्या म्हणाल्या. "दम चालू व्हता?"

"होता, बाई."

"तुम्हाला हितं बसून ऐकू आला?"

"सगळ्यांना आला."

त्यांनी समालोचकाच्या हातातून माइक घेतला. निर्णय मागे घेतला, तळ्याला तीन गुण दिले. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गुणपत्रिकेवर ठेवली आणि माइक तसाच तोंडाशी धरून म्हणाल्या, "मला दम ऐकू येत नाय. कधीच येत नव्हता. मी बघून सांगायचे. आज दिसला नाय. आता कानांनी ऐकू आला तरच ही शिट्टी घेईन, नायतर नाय." आवाज कापत नव्हता. त्यांचा आवाज कापताना मी कधी ऐकलाच नाही. दामोदरभाऊ गर्दीतून पुढे आले आणि त्यांना गाडीवर बसवून घेऊन गेले. उरलेला सामना दुसऱ्या पंचांनी पार पाडला. दर्शनाचा संघ जिंकला.

शिट्टी मी चित्रकलेच्या कपाटात, रंगांच्या डब्यात ठेवली. बाई शाळेत आल्या, मुलांना पळवलं, खेळवलं, हसल्यासुद्धा. पण मैदानाची गोष्ट निघाली की उठून जायच्या. हाताने सतत गळ्याशी काहीतरी चाचपायच्या, आणि तिथे काही नसायचं. त्या बाई शिट्टीवाचून बघणं मला फार जड गेलं.

मुंबईच्या एका कानाच्या डॉक्टरांचं नाव मुख्याध्यापकांनी काढलं. बरोबर कोण जाणार यावर बाईंचं मत पक्कं होतं. "हे नकोत, हे दवाखान्यात बोलले तर पेशंट उठून बसतील. जाधव सर, तुम्ही चला. तुमचं तोंड मला पाठ झालंय." त्यांनी मला दिलेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक.

डॉक्टरांनी मास्क लावला होता. बाईंनी तो पहिल्यांदा काढायला लावला, मग त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवली. डॉक्टर भले होते, ते वळले. कागदावर कानाचं चित्र काढून त्यांनी समजावलं. चित्र वाईट होतं, मी ते सुधारून दिलं. बाईंचा आतला कान बराच शाबूत होता, पण तिथवर आवाज नेणारी साखळी राहिली नव्हती. तर ऑपरेशन करून पडद्यामागे, आतल्या कानाच्या तोंडाशी, भाताच्या दाण्याएवढं कंप देणारं यंत्र बसवायचं. कातडीखाली एक लोहचुंबक. बाहेरून कानाच्या मागे, केसांत, एक बटण त्या चुंबकाला चिकटेल. ते आवाज टिपून आत पाठवील. कानाची वाट उघडी राहील, त्यामुळे साच्याने कान वाहायचा तो प्रश्नच उरणार नाही.

"म्हणजे ऐकू येईल," बाई म्हणाल्या.

"आवाज येईल," डॉक्टर म्हणाले. "शब्द ओळखायला शिकावं लागेल. आणि गर्दीत सगळ्यांनाच कठीण जातं."

"माझी गर्दी तुम्ही पायलेली नाय."

खर्चाचा विषय मी काढायला गेलो तर म्हणाल्या, "तो माझ्यात आणि माझ्या प्रॉव्हिडंट फंडात मिटला हाय." उजव्या कानाचं ऑपरेशन उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं. जखम भरल्यावर, शाळा सुरू व्हायच्या बेताला, बटण लावायला आम्ही तिघं गेलो. या वेळी दामोदरभाऊ ऐकेनात.

श्रवणतज्ज्ञ म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने बटण चिकटवलं, संगणकावर काही केलं. बाईंनी आधी वर पंख्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बांगड्यांकडे. हात हलवला, पुन्हा हलवला. दामोदरभाऊंना राहवलं नाही. "सुनंदा, येतंय कं ऐकाला?" ते नेहमीच्या आवाजात म्हणाले.

बाई खुर्चीत दचकल्या. "अहो, हळू. लोक काय म्हणतील."

दामोदरभाऊ गप्प झाले ते झालेच. परतीच्या वाटेवर लाँचमध्ये माझ्याशेजारी बसून म्हणाले, "सर, मना हलू बोलाला येतच नाय. तिच्याशी कवा बोललोच नाय हलू. आता शिकाला लागंल." एवढा आडदांड माणूस, पण डोळे भरून आले होते. मी समुद्राकडे बघत बसलो.

त्याआधी दवाखान्यातच परीक्षा झाली होती. त्या मुलीने तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि एकेक शब्द म्हणायला लागली. बाईंनी तो म्हणून दाखवायचा. "पुठ्ठा काढा, तोंड उजेडात आणा," बाई म्हणाल्या. "तेच तर नको आहे," ती म्हणाली. पुठ्ठ्याआडून शब्द येत होते आणि बाईंच्या हाती काही लागत नव्हतं. आवाज यायचा, पण तो काय म्हणतोय ते कळत नव्हतं. निम्मेसुद्धा जमले नाहीत.

"नापास?" बाईंनी विचारलं.

"यात पास-नापास नसतं."

"मी शाळेत हाय, पोरी. मला नको सांगू."

मुलीने बाईंचा हात धरला आणि सांगितलं, इतकी वर्षं बोलणं समजायचं काम तुम्ही डोळ्यांना दिलं होतं, आता ते कानांना परत शिकवायचं. रोज कुणालातरी पाठीमागे बसवून वाचून घ्या, न बघता ओळखा. बाईंनी थोडा विचार केला. "वाचण्याऐवजी कबड्डी खेळली तर चालंल?" मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, चालेल म्हणा, त्या तुम्ही नाही म्हणालात तरी तेच करणार आहेत.

आणि तेच केलं. शाळा सुटल्यावर मुलींचा संघ मैदानात आणि बाई मैदानाकडे पाठ करून नारळाच्या बुंध्याकडे तोंड करून उभ्या. मुली चढाया करायच्या, मनाला येईल तिथे दम तोडायच्या. बाईंनी न वळता हात वर करायचा. पहिले काही दिवस फार वाईट गेले. दम चालू असताना हात वर, तुटलेला असताना बाई स्वस्थ. मुली खिदळायच्या आणि ते खिदळणं बाईंना बरोबर ऐकू यायचं. डोकं दुखायला लागलं की बटण काढून खिशात टाकायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा लावायच्या. घरी दामोदरभाऊ पाठीमागे बसून पेपर वाचायचे, हळू आवाजात. त्यांचा तोही अभ्यास होता.

पावसाळ्याच्या सुरुवातीला वर्गाच्या पडवीत सराव चालला होता तेव्हा एक दिवस त्या माझ्याकडे आल्या, चेहरा फुललेला. "सर, तुम्हाला माहीत व्हतं? पोरी सगळ्या एकसारखं म्हणत नायत. एक 'बड्डी बड्डी' करते, एक नुसती गुणगुणते, आणि ती पाटलांची पोरगी तर सुरात म्हणते, गाणं शिकवायला पायजे तिला. मी इतकी वर्षं सगळ्यांचा एकच गळा समजत व्हते." मला हे माहीत होतं, पण कधी ऐकावंसं वाटलं नव्हतं. मी विचारलं, "मग आता मिशी ठेवू का?"

"थांबा. शांततेत काय कुणीपण ऐकंल. गर्दीत जमलं की सांगते."

गर्दीचीही तयारी झाली. आधी मोबाइलवर बँजो लावला. तो पुरेना तेव्हा अख्खी आठवी पडवीत उभी करून त्यांना घसा फुटेस्तोवर ओरडायला सांगितलं. मुख्याध्यापक भांडण झालं समजून धावत आले आणि पाहतात तर पोरं आनंदाने बेंबीच्या देठापासून ओरडताहेत, बाई भिंतीकडे तोंड करून शांत उभ्या, एक हात वर. "सायेब, दोन मिनिटं," त्या न वळता म्हणाल्या. मुख्याध्यापक मागून फक्त "अरे" म्हणाले होते. तेवढ्या कल्लोळात तो आवाज त्यांनी ओळखला, म्हणून ते रागावायचे विसरले.

दिवाळीनंतर नागावच्या बाजूला, सुरूच्या बनाशेजारी स्पर्धा होती. बाईंनी माझ्या कपाटातून शिट्टी मागून घेतली. लाल दोरीला पिवळा रंग लागला होता, त्याबद्दल बोलणी खाल्ली. मैदानावर पोचलो तर एका संघाचा व्यवस्थापक आडवा आला. पंचाच्या कानात मशीन कशी चालेल, बाहेरून कुणी फोनवर सांगत असलं तर? मंडळाचे लोक घुटमळले.

"चष्मेवाला पंच चालतो का तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "मग चष्म्यात कोन सांगतो त्याला?" त्यांनी केसातून बटण काढलं आणि व्यवस्थापकाच्या हातावर ठेवलं. "घ्या. लावा. फोन लागतोय का बघा." त्याने ते डोक्याला लावून पाहिलं. ते पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. "आता तुमच्या डोक्यातच काय नाय, त्याला मी काय करू," बाई म्हणाल्या. लोक पोट धरून हसले. तोही काही बोलला, आणि मशीन लावलेलं नसतानाही बाईंनी त्याला उत्तर दिलं, कारण त्याच्या तोंडावर चांगलं ऊन होतं.

मुलींचा अंतिम सामना दिवे लागल्यावर सुरू झाला. एका बाजूला तळ्याचा संघ, त्यात दर्शना. माणसांचा समुद्र, लाउडस्पीकर, मागे बँजोवाले वाद्यं लावत बसलेले. माझा पेन घामाने निसटत होता. बाई त्यांच्या जागी उभ्या होत्या, पण यावेळी वाकलेल्या नव्हत्या. ताठ उभ्या, उजवा कान किंचित पुढे.

शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत आले आणि दर्शना चढाईला आली. एक गुण मिळाला की चषक तळ्याला. ती आत घुसली, एकीला पाय लावला, मागून दुसरीने तिचा घोटा धरला. दर्शना ओढत, सरपटत मध्यरेषेकडे निघाली. दिवे सगळे लागलेले होते, तिचा चेहरा सरळ बाईंकडे होता, ओठ हलत होते, कंठ हलत होता. तिचा हात रेषेला लागला आणि मैदान उसळलं.

त्याच्या आधीच शिट्टी वाजली होती. बाईंचा हात वर होता. दम तुटला, दर्शना बाद.

मी टेबलावरून बघत होतो. मला ओठ हलताना दिसले होते. इतरांनाही तेच दिसलं होतं आणि लोकांनी आरडाओरडा सुरू केला. मशीन बिघडली, म्हातारीला घरी पाठवा, गेल्या वर्षीसारखंच केलं. कुणीतरी बाटली फेकली. ज्या पोरीवर एकदा अन्याय झाला, तिच्यावरच हा निकाल. दुसरं कुणी असतं तर संशयाचा फायदा देऊन मोकळं झालं असतं, आणि कुणी बोट ठेवलं नसतं. बाई सरळ माझ्या टेबलाकडे चालत आल्या, गुण सांगायला. मैदानाकडे त्यांची पाठ होती.

त्यांच्या मागे, मातीत गुडघ्यांवर, दर्शना उठली. तोंडावर माती, डोळ्यांत पाणी. तिने एक हात वर केला. आणि त्या गोंगाटात, साध्या आवाजात, म्हणाली, "तुटला व्हता, बाई. मी नुसतीच तोंड हलवत व्हते."

बाई वळल्या नाहीत. माझ्याकडे बघत, गुणपत्रिकेवर बोट ठेवत म्हणाल्या, "व्हय गं. ऐकलं मी."

दर्शनाचा हात वर बघून लोक हळूहळू शांत झाले. तळ्याचा संघ एका गुणाने हरला. बक्षीस समारंभात बाईंनी दर्शनाला जवळ ओढून तिच्या तोंडावरची माती ओढणीने पुसली, आणि दोघी काहीतरी बोलत उभ्या राहिल्या. काय, ते मला ऐकू आलं नाही.

त्या वर्षअखेरीस बाई निवृत्त झाल्या आणि उरणला राहायला गेल्या. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या त्याच रात्रीच्या. सामान आवरून मी मैदानाबाहेर आलो तेव्हा दामोदरभाऊंनी गाडी चालू केली होती आणि बाई मागे बसत होत्या, माझ्याकडे पाठ करून. मी मागूनच म्हणालो, "बरं मग, येतो बाई."

"या," त्या तशाच म्हणाल्या. "आणि सर, उद्यापास्नं मिशी ठेवा."

गाडी सुरूच्या बनातल्या वाटेने निघाली, माणूस चालेल इतक्याच वेगाने. दामोदरभाऊ पुढे बघत, पाठमोरेच, काहीतरी सांगत होते. ओरडत नव्हते. बाईंनी उजवा कान त्यांच्या खांद्यापाशी नेला होता, आणि दिव्याच्या उजेडातून पलीकडे जाईपर्यंत त्या हसत होत्या.